क्रोटनची खिडकी

घरी तिच्या हातून एकही झाड कधी जगलं नव्हतं. लग्नात कोणीतरी हौसेनं दिलेलं गुलाबाचं रोप बघता बघता वाळलं आणि लेकीनं शाळेतून आणलेला निवडुंग पाणी घालून घालून कुजला. निवडुंग कुजवणारी बाई म्हणून नवरा कितीतरी दिवस तिची टिंगल करायचा. हीच बाई पुढे ऑफिसात माळीणबाई म्हणून ओळखली जाईल असं कोणी म्हटलं असतं, तर घरातली सगळी पोट धरधरून हसली असती.

ऑफिस शिवणाच्या दोऱ्याच्या कंपनीचं होतं. कारखाना गावाबाहेर आणि ऑफिस बाजाराच्या रस्त्यावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. कपडे शिवणारे कारखानदार आपापल्या कापडाची चिंधी पाठवायचे आणि त्या कापडात मिसळून जाईल असा दोरा कंपनीनं पुरवायचा. कुठल्या चिंधीला कुठल्या शेडचा दोरा, हे ठरवण्याचं काम एका बाईंकडे होतं. त्यांना सगळे रंगबाई म्हणत. ऑफिसला म्हणावी अशी खिडकी एकच होती, बाकीच्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायच्या. त्या एका खिडकीत रंगबाईंचं टेबल होतं. चिंधी आणि रीळ उजेडात शेजारी शेजारी धरून, मान तिरकी करून त्या बराच वेळ बघत राहायच्या. "अंहं, ही नव्हे, हिची थोरली बहीण," असं पुटपुटत दुसरं रीळ उचलायच्या. त्यांनाही चुका व्हायच्या, नाही असं नाही. पण चूक झाली की त्या स्वतःच गिऱ्हाइकाला फोन लावून सांगायच्या, आणि मग दिवसभर कोणाशी धड बोलायच्या नाहीत.

माळीणबाई या ऑफिसात आल्या त्या फोन घ्यायला. तेव्हा लेक अगदी लहान होती, नवरा फिरतीवर आणि घरात सांभाळायला कोणी नाही. एकदा लेकीला ताप होता आणि रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तिला कडेवर घेऊनच त्या कामावर आल्या. दारातच मोठे साहेब भेटले. माळीणबाईंची पाचावर धारण बसली. तेवढ्यात रंगबाई पुढे झाल्या, पोरीला आपल्याकडे घेतलं आणि म्हणाल्या, "माझी नात आहे साहेब, आज माझ्याजवळ बसेल." रंगबाईंचं लग्नच झालेलं नव्हतं हे साहेबांना चांगलं माहीत होतं. ते हसले आणि आत गेले. खिडकीतल्या टेबलाखाली सतरंजी अंथरून पोर दिवसभर निजली, जाग आली की रिकाम्या रिळांचे मनोरे रचत बसली. त्यानंतरही ती अधूनमधून तिथे असायची. पुढे रंगबाईंनीच माळीणबाईंना ऑर्डरी कशा घ्यायच्या, कुठल्या गिऱ्हाइकाला किती आणि कसं बोलायचं ते शिकवलं, साहेबांच्या कानावर घालून बढती मिळवून दिली. होता होता सगळं ऑफिस सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर आली. खुर्च्या, पंखे, साफसफाई, कोणी कुठे बसायचं, सगळं त्या बघायच्या. पण रंगबाईंपुढे गेल्या की अजूनही त्या फोनवरची नवखी मुलगी व्हायच्या. रंगबाई त्यांना "अग" म्हणून हाक मारायच्या आणि ऑफिसात तसं म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग मोठे साहेब घरी बसले आणि धाकट्या साहेबांनी कारभार हातात घेतला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं झटपट बदलायचं होतं. भिंतींना नवा रंग आला, कपाटं गेली, मोठी मोठी गिऱ्हाइकं आता ऑफिसात येऊन बसतील म्हणून दर्शनी भागात सोफा आला. मग एक दिवस ते म्हणाले, "इथे झाडं हवीत. जिवंत. प्लास्टिकची नकोत. ते तुमच्याकडे."

"माझ्याकडे?" माळीणबाई म्हणाल्या. "साहेब, मी निवडुंग मारलाय."

"मग इथे सुधारा," साहेब म्हणाले.

त्या नर्सरीत गेल्या. नर्सरीवाली जाडजूड, मोकळ्या आवाजाची बाई होती. तिनं आधी झाडं दाखवलीच नाहीत, प्रश्नच विचारले. ऑफिसला खिडक्या किती, ऊन किती वेळ येतं, एसी कुठे बसवलाय, सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालणार. खिडकी एकच आणि तिथेही माणूस बसतो, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग उगाच हौस करू नका. अंधारात तग धरणारी न्या." तिनं तलवारीसारखी उभी पानं असलेली स्नेक प्लांट दिली, जाड चकचकीत पानांची झीझी दिली, कपाटावरून खाली सोडायला मनीप्लांट दिला. "आणि पाणी घालायच्या आधी मातीत बोट घाला. बोट कोरडं आलं तरच पाणी. तुमचा निवडुंग तुम्ही लाडानं मारलात."

या वेळी झाडं जगली. माळीणबाई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, प्रत्येक कुंडीत बोट खुपसायच्या, ओल्या फडक्यानं पानांवरची धूळ पुसायच्या. मनीप्लांटला पहिलं नवं पान फुटलं तेव्हा त्यांनी ते अख्ख्या ऑफिसला दाखवलं. हिशेबनीस चष्मा वर करून म्हणाले, "वा, माळीणबाई!" तेच नाव पडलं, तेच राहिलं. त्यांना ते मनापासून आवडलं. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या खुर्च्या आणि पंखे बघत होत्या, त्याबद्दल कधी कोणी वा म्हटलं नव्हतं.

इथेच थांबायला हवं होतं, असं त्यांना नंतर कितीदा वाटलं. पण साहेब एक दिवस सोफ्यावर बसून म्हणाले, "छान आहे, पण सगळं हिरवंच हिरवं. आपण रंगाच्या धंद्यातली माणसं. रंगीत पानांची झाडं नसतात का? ती लाल-पिवळी... काय म्हणतात?"

"क्रोटन," माळीणबाई ताडकन म्हणाल्या. नाव माहीत असल्याचा त्यांना अभिमान वाटला.

नर्सरीवालीनं तोंड वाकडं केलं. "क्रोटनला उजेड लागतो हो. उजेड नाही मिळाला की रंग उतरतो, पानं टाकतं. जागा बदललेलीही त्याला खपत नाही."

"बघते मी," माळीणबाई म्हणाल्या.

क्रोटन आली. लाल, पिवळी, केशरी, कोणाच्या पानावर ठिपके, कोणाच्या शिरा. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना मांडली तेव्हा साहेब खूश झाले. महिना उलटायच्या आत पानं गळायला लागली. रोज सकाळी फरशीवर पानांचा सडा. झाडं खालून उघडी पडली, उरलेल्या पानांचा लाल रंग मळकट हिरवा झाला. एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर साहेबांनी सोफ्यावरचं पान उचललं आणि हसत हसत म्हणाले, "माळीणबाई, तुमच्या झाडांना टक्कल पडतंय." गिऱ्हाईक हसलं, हिशेबनीस हसले. माळीणबाईही हसल्या, पण मनाला फार लागलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी नर्सरीत फोन केला. नर्सरीवाली सरळ म्हणाली, "परत आणा. मी सावलीतली देते बदलून. नाहीतर मग खिडकीत ठेवा."

परत न्यायची म्हणजे हरल्याचं कबूल करायचं. रात्री जेवताना त्यांच्या डोक्यात ती खिडकीच होती. रंगबाईंच्या टेबलावर तर आता साहेबांनी आणलेला उजेडाचा डबा होता. आत नळ्या बसवलेली, पुढून उघडी अशी ती एक पेटी होती. तिच्यात चिंधी आणि दोरा ठेवायचा, नळ्या लावायच्या की दिवसाच्या उजेडासारखा उजेड पडायचा. साहेब म्हणायचे, आता खिडकीची गरजच नाही. रंगबाई डब्यात बघायच्या आणि मग पुन्हा खिडकीकडे वळून बघायच्या. पण डबा होता ना. डबा कुठेही बसला असता. क्रोटन कुठेही बसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या रंगबाईंच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"थोडे दिवस तुमचं टेबल आतल्या बाजूला घेतलं तर? झेरॉक्सच्या शेजारी. झाडांना जरा उजेड हवाय. पानं धरली की परत आणू."

रंगबाईंनी हातातलं रीळ खाली ठेवलं. "झाडांना?" त्या म्हणाल्या.

"थोडे दिवस हो बाई. साहेब मागे लागलेत." साहेबांनी खिडकीचं नावही काढलं नव्हतं.

रंगबाईंनी माळीणबाईंकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "तुला ठीक वाटतंय ना, मग बरं."

त्यांनी स्वतः आपली रिळं आवरली, शेडकार्डं उचलली. दुपारपर्यंत त्या झेरॉक्सच्या शेजारी, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली बसल्या आणि खिडकीत क्रोटन मांडली गेली.

क्रोटननं महिन्याभरात नवी पानं धरली. लाल रंग असा उजळला की रस्त्यावरून दिसायचा. गिऱ्हाइकं खिडकीशी उभी राहून फोटो काढायची. साहेबांनी सगळ्यांसमोर माळीणबाईंचं कौतुक केलं. पानं धरली होती. थोडे दिवस संपले होते. टेबल परत न्यायचं त्यांच्या मनात यायचं आणि त्या म्हणायच्या, हा हंगाम जाऊ दे. रंगबाईंनी एकदाही आठवण केली नाही.

एवढंच त्या एकदा म्हणाल्या, "अग, त्या डब्यातली एक नळी मिणमिणतेय. बदलायला सांग ना जरा."

"सांगते बाई, लगेच सांगते."

सांगितलंही त्यांनी. दुकानदार म्हणाला, ती नळी मागवावी लागेल, चार दिवसांनी आठवण करा. नेमकी तेव्हाच क्रोटनच्या देठांवर पांढरी कापसासारखी कीड पडली. माळीणबाई कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पान, एकेक देठ पुसत बसल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत तेच. कीड गेली. नळीची आठवण करायची राहूनच गेली.

मग तक्रार आली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यानं गडद निळा दोरा घेतला होता. ऑफिसात तो कापडाशी बेमालूम जुळला होता, आणि बाहेर उन्हात गेल्यावर शिवण जांभळी दिसायला लागली. सगळा माल परत. रंगबाईंनी स्वतः फोन करून माफी मागितली आणि दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार आली, बदामी रंगाच्या पडद्यांची. मग तिसरी.

साहेबांनी माळीणबाईंना आत बोलावलं, दार लावायला सांगितलं.

"बाईंचं काय चाललंय? बाबांच्या वेळी असं व्हायचं नाही म्हणतात. तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. काय झालंय नक्की?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. साहेब, त्यांना खिडकीतून मी उठवलंय, आणि त्या डब्याची नळी गेलीय. एवढंच बोलायचं होतं. पण त्यापुढचा प्रश्न त्यांना स्पष्ट ऐकू आला: का उठवलं? कोणाला विचारून? काचेच्या दारातून समोर खिडकीतली क्रोटन दिसत होती, ऊन पडून पेटल्यासारखी.

"वय झालं ना साहेब आता," माळीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले.

बाहेर येता येता त्यांनी मनाची समजूत घातली. वयाचं म्हटलं म्हणजे साहेब बाईंना समजून घेतील, काम कमी करतील, रागावणार नाहीत. म्हणजे आपण त्यांची बाजूच घेतली. ही समजूत त्यांना जिन्यापर्यंतही पुरली नाही.

साहेबांनी रंगबाईंना फार गोड शब्दांत घरी बसायला सांगितलं. निवृत्तीचं वय व्हायला अजून अवकाश होता, पण देणंघेणं नीट करतो म्हणाले आणि केलंही. निरोपाचा कार्यक्रम सोफ्याजवळच झाला. चार माणसं बरं बोलली. शेवटी साहेबांना काय सुचलं कोणास ठाऊक, म्हणाले, "माळीणबाई, बाईंना आपल्या ऑफिसची आठवण म्हणून तुमचं एक क्रोटन द्या. सगळ्यात सुंदर असेल ते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माळीणबाई खिडकीशी गेल्या, कुंडी उचलली, आणि वाटभर त्यांना वाटत राहिलं की पाय घसरावा, कुंडी फुटावी, काहीही व्हावं. काही झालं नाही. रंगबाईंनी दोन्ही हातांनी कुंडी घेतली.

"छान वाढवलंस," त्या म्हणाल्या.

रिक्षापर्यंत सोडायला हिशेबनीस गेले. माळीणबाई वरच राहिल्या, कामाचं निमित्त करून.

त्या दिवसांत त्यांचं घरात लक्ष नसायचं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, लेक काय सांगतेय ते ऐकूच यायचं नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, "काय झालंय तुला?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नवरा त्यांच्या बाजूनं बोलायला बघत होता, "अग, पण साहेबांनी काढलं ना, तू कुठे..." आणि मधेच थांबून त्यानं विचारलं, "आणि साहेबांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

त्यांनी ते वाक्य सांगितलं. तो काहीच बोलला नाही. त्यानं काहीतरी बोलावं, अगदी रागवावं, असं त्यांना फार वाटलं.

रंगबाईंच्या जागी एक तरुण मुलगी आली. शिकलेली, चुणचुणीत, सोबत रंग मोजायचं छोटं यंत्र घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी तिनं झेरॉक्सशेजारचं टेबल पाहिलं, डब्याचं बटण दाबून पाहिलं आणि सहज विचारलं, "रंग बघायला बसायचं कुठे? इथे तर उजेडच नाही."

"खिडकीत," माळीणबाई म्हणाल्या.

तोंडातून शब्द गेला आणि त्यांनीच तो ऐकला. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि दोघांनी मिळून क्रोटन उचलून बाहेर जिन्याच्या मोकळ्या वळणावर नेऊन ठेवली, टेबल ओढून खिडकीत लावलं. चहा व्हायच्या आत सगळं आटोपलं. साहेब तेवढ्यात बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "हां, हे बरं झालं. मोकळं वाटतंय." आणि फोनवर बोलत पुढे निघून गेले.

माळीणबाई बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा धरून रडल्या. इतकं सोपं होतं. कोणी काही म्हणणार नव्हतं. साहेबांच्या तर लक्षातही आलं नसतं. ज्या भीतीपायी त्यांनी रंगबाईंना घरी बसवलं, ती भीती मुळात कशाचीच नव्हती.

सुट्टीच्या दिवशी त्या रंगबाईंकडे गेल्या. जुन्या चाळवजा इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर. रंगबाई दारातच उजेडाला बसून कुणाच्या तरी झग्याला पट्टी शिवत होत्या. त्यांना बघून उठल्या, "अग, तू! ये ये," म्हणाल्या, चहा दिला आणि पुन्हा शिवायला बसल्या. लेकीची चौकशी केली. खोलीत क्रोटन कुठे दिसलं नाही.

"झाड खाली दिलं," त्या आपणहून म्हणाल्या. "तळमजल्यावर अंगण आहे त्यांचं. इथे ते सुकलं असतं."

माळीणबाईंचा चहा तसाच राहिला. "बाई, मला काही सांगायचंय."

"खिडकीचं असेल तर राहू दे," रंगबाई म्हणाल्या. "डोळे तसेही पहिल्यासारखे राहिले नव्हते माझे. डॉक्टरांना दाखवलंय, मोतीबिंदू धरतोय. तुझ्या झाडांनी काही केलं नाही."

इथे गप्प बसता आलं असतं. रंगबाईंनी जणू दार उघडून धरलं होतं, त्यातून नुसतं बाहेर पडायचं होतं. ते खरं होतं की त्या मन राखायला बोलत होत्या, माळीणबाईंना कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही.

"साहेबांनी मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "बाईंचं काय झालंय म्हणून. मी उजेडाचं बोलले नाही. नळीचं बोलले नाही. मी म्हटलं, वय झालं."

रंगबाईंच्या हातातली सुई थांबली.

"ते तू म्हणालीस?"

"हो."

 खाली मुलं खेळत होती, त्यांचा गलका येत होता.

"मला वाटलं, साहेबांनाच वाटलं असेल तसं," रंगबाई म्हणाल्या. "मी सांगितलं असतं त्यांना, खिडकीत बसवा म्हणून. सांगायला गेलेही होते एकदा, दारापर्यंत. म्हटलं, नको, तू अडचणीत येशील. म्हटलं, ती सांगेलच. तिला माहितीये सगळं."

"बाई..."

"थांब जरा." त्यांनी शिवण बाजूला ठेवलं. आवाज चढला नव्हता. "चूक झाली तेव्हा मी लोकांना फोन करून माफी मागत होते. मला वाटत होतं, माझेच डोळे फुटले. आरशासमोर बसून एकेक डोळा झाकून बघायची मी. आणि तू समोर बसून झाडं पुसत होतीस."

माळीणबाई उठल्या. त्या पाया पडायला वाकल्या तर रंगबाई मागे सरकल्या.

"आज जा तू," त्या म्हणाल्या. "मला आता बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर माळीणबाई सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खिडकी, नळी, ते वाक्य. त्यांना वाटलं होतं, साहेब संतापतील, कदाचित नोकरीही जाईल. गेली असती तर एका परीनं बरंच वाटलं असतं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते अवघडले होते.

"हे तेव्हा सांगायचं होतंत," ते म्हणाले.

"हो."

"आता मी काय करू? नवी मुलगी घेतलीय." थोड्या वेळानं म्हणाले, "अवघड शेडसाठी त्या येतील का, विचारा. आठवड्यातून एखादी सकाळ. आपण गाडी पाठवू. आणि मीच येतो हवं तर बोलायला."

साहेब खरंच गेले. रंगबाईंनी त्यांना चहा दिला, मोठ्या साहेबांची प्रकृती विचारली आणि नाही म्हणून सांगितलं. रागानं नाही. "एकदा उठले तिथून," म्हणाल्या, "आता परत बसवत नाही." एवढं मात्र कबूल केलं की नव्या मुलीला कुठे अडलं तर तिनं यावं. ती मुलगी जायला लागली. चिंध्या घेऊन जायची, दारातल्या उजेडात दोघी बसायच्या. परत आली की रंगबाईंच्या गोष्टी सांगायची, अमुक रंगाला त्या काय म्हणाल्या, कुठल्या रिळाला कोणाची धाकटी जाऊ म्हणाल्या. सगळे हसायचे. माळीणबाई ऐकत राहायच्या.

झाडं अजून त्याच बघतात. जिन्यातली क्रोटन त्यांनी नर्सरीत परत दिली, आतली स्नेक प्लांट आणि मनीप्लांट राहिली. पाणी घालतात, पानं पुसतात, सुकलेलं काढून टाकतात, पण नवं पान फुटलं तर कोणाला दाखवायला बोलावत नाहीत. "मला त्या नावानं हाक नका मारू," असं त्यांनी हिशेबनीसांना एकदा सांगून पाहिलं. त्यांना ती चेष्टाच वाटली.

बरेच दिवस गेल्यावर, धीर करून, त्या पुन्हा रंगबाईंकडे गेल्या. दार रंगबाईंनीच उघडलं. 

"या," म्हणाल्या. "बसा."

माळीणबाईंना आधी कळलंच नाही काय बदललं ते. मग कळलं. एवढ्या वर्षांत त्या बाईंच्या तोंडून त्यांनी स्वतःसाठी कधी "या" ऐकलं नव्हतं.

त्या बसल्या. रंगबाईंनी चहा केला, लेकीचं कसं चाललंय ते विचारलं, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय असं सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी मी येते, रजा घेते, असं माळीणबाई म्हणाल्या. रंगबाईंनी कप गोळा केले.

"भाची येणार आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला यायचं तर या."

त्या गेल्या. दवाखान्यात दिवसभर बाकावर बसल्या, भाचीला जेवायला पाठवून त्या थांबल्या, संध्याकाळी रंगबाईंना हाताला धरून जिना चढवून घरी आणलं. पुढेही जात राहिल्या, कधी औषधाचे थेंब घालायला, कधी नुसत्याच. रंगबाई त्यांना नाही म्हणत नाहीत, चहाशिवाय जाऊ देत नाहीत, नव्या मुलीच्या गमती सांगतात, एखाद वेळी दोघी हसतातही. निघताना दारापर्यंत येतात.

"जिना जपून उतरा," म्हणतात.

माळीणबाई हो म्हणतात, आणि कठड्याला धरून जपून उतरतात.